मेंढीची लोकर

मी मफलर बोलतोय. रंगाने करडा, गळ्याभोवती दोन वेढे बसतील इतका लांब. मला बसलेल्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही, तेव्हा बोलण्यात मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

या घरातल्या सासऱ्यांचा खोकला काही केल्या हटेना आणि बाजारातली लोकर त्यांच्या मानेला टोचायची. मग सूनबाईंनी कुठून तरी मऊ लोकर जमवली, धुतली, पिंजली, टकळीवर कातली आणि मला विणलं.

"कशाची गं ही?" सासऱ्यांनी मला गुंडाळत विचारलं.

"मेंढीची, बाबा."

"वा! अस्सल माल. ऊब बघ कशी!"

झालं! मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. शेजारच्या खुंटीवरच्या नायलॉनच्या स्वेटरशी बोलणंच टाकलं. तो कारखान्यातला, मी कळपातला. बरोबरी कशी व्हायची?

अंगणात एक झिपरी कुत्री होती. नातवंडांनी तिचं नाव ठेवलं होतं मेंढी! माझ्या आईच्या जातीचं नाव कुत्रीला? माझा नुसता तिळपापड व्हायचा. सासरे मात्र तिला नावाने कधी हाक मारत नसत. "हाड्!" एवढंच.

"हिच्या केसांनीच माझा खोकला जात नाही," ते रोज म्हणत. शेवटी त्यांनी तिला एका गोदामाच्या राखणदाराला देऊन टाकायचं ठरवलं. सूनबाईंनी हातापाया पडून पाहिलं. सासरे ढिम्म.

राखणदार साखळी घेऊन आला त्या सकाळी पाऊस भुरभुरत होता. सासरे फाटकाशी उभे होते आणि त्यांच्या गळ्यात मी चिंब भिजलेलो. जाता जाता मेंढीने हिसडा दिला, त्यांच्या छातीवर पाय ठेवले आणि नाक माझ्यात खुपसलं.

"हाड्!" ओरडता ओरडता सासरे थबकले. त्यांनी मला हुंगलं. ओल्या कुत्र्याचा वास येत होता, आणि अहो, तो माझाच होता!

"सूनबाई, ही लोकर कशाची म्हणालीस?"

"मेंढीची," सूनबाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "खोटं नाही बोलले बाबा. रोज विंचरून निघायची ती डब्यात साठवली."

सासऱ्यांनी आ वासला. मला पाय नाहीत, तरी पायाखालची जमीन सरकली. मी कुत्रीचा? जिला इतके दिवस नावं ठेवली, ती माझी आई?

सासऱ्यांनी मला ओरबाडून चिखलात फेकलं. राखणदाराने साखळी ओढली, तशी मेंढीने मला अलगद तोंडात धरलं आणि ती मुकाट चालू लागली. उघड्या गळ्याला गार वारा लागला आणि सासऱ्यांना खोकल्याची उबळ आली.

"अहो, थांबा!" ते कसेबसे ओरडले. "माझा मफलर आहे तो!"

राखणदार थांबला. सासरे मेंढीकडे बघत राहिले. मग इकडेतिकडे पाहत म्हणाले, "राहू दे तिला. पायमोजे व्हायचेत अजून."

पायमोजे झाले, कानटोपीही झाली. गेल्या वर्षी मेंढी गेली. आता मी विरलोय, टोकं सुटलीत. दमट दिवशी सासरे मला खुंटीवरून काढतात, पण गळ्याला गुंडाळत नाहीत. थोडं पाणी शिंपडतात आणि नाकाशी धरून बसतात.

एकच विनवणी आहे. कोणी काही म्हणो, मला साबण लावू नका.