बाबागाडीला ऐकू आलेली झोप

मित्रांनो, माझ्या मागच्या डाव्या चाकाची कुरकुर अजून थांबलेली नाही, ती तेवढी सांभाळून घ्या. मी एक जुनी बाबागाडी आहे. नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ एका छोट्या बेटावर, चढावरच्या पिवळ्या घरात मी राहते. खाली मासेमारीच्या बोटींचा धक्का आहे.

माझा जन्म दूर दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी मला निळ्या कापडाचे अंग, मोठी चाके आणि मऊ स्प्रिंगा दिल्या. बोर्गहिल नावाच्या तरुणीने मला बोटीने बेटावर आणले आणि तिचा मुलगा शेतिल माझ्यात वाढला. आमच्याकडे तान्ही मुले दिवसाची झोप बाहेरच्या हवेत घेतात. बाळाला लोकरीत गुंडाळायचे, वर रजई घालायची, मला भिंतीच्या आडोशाला उभे करायचे, मांजर शिरू नये म्हणून जाळी लावायची. मग आत जायचे, खिडकी घट्ट लावून घ्यायची आणि कॉफी प्यायची. बर्फ पडत असला तरी यात खंड नाही.

शेतिल धावू लागला आणि माझे काम संपले. मला होड्यांच्या शेडमध्ये नेले. काही वर्षे माझ्यात दोरखंड राहिले, मग बटाटे राहिले, मग कुणीच राहिले नाही. खारी हवा मात्र रोज यायची. तिने माझा ब्रेक हळूहळू खाल्ला.

यंदा शेतिलला मुलगी झाली. नाव अजून ठरले नव्हते, म्हणून सगळे तिला वेस्ला म्हणत, म्हणजे चिमुकली. शेतिलने मला बाहेर काढले, साबणाने घासले, चाकांना तेल दिले, आत नवी गादी घातली. मी इतकी चकाकले की माझा मलाच विश्वास बसेना. बोर्गहिल आता आजी झाली होती. ती कमरेवर हात ठेवून बघत होती.

"ब्रेक बघितलास का?"

"बघतो गं आई."

"बघतो म्हणजे बघितला नाहीस."

"आधी कापड तर वाळू दे."

कापड वाळले. ब्रेक राहून गेला.

रात्री मी झोपायच्या खोलीखालच्या व्हरांड्यात उभी असे, त्यामुळे वरच्या लाकडी फळ्यांतून मला सगळे ऐकू यायचे. वेस्ला झोपेत गुरगुरायची, कण्हायची, नाकातून फुरफुर करायची. मध्येच कोंबडीच्या पिल्लासारखी चीं करायची आणि मग एकदम गप्प व्हायची. तिच्या आईला, इंगविलला, त्या गप्प होण्याचीच जास्त भीती वाटे. दर आवाजाला ती धडपडत उठायची आणि बाळाला उचलायची. उचलले की वेस्लाची झोप मोडे आणि मग ती खरोखरच रडू लागे.

"तिला काहीतरी दुखतंय, शेतिल. ऐक कशी कण्हतेय."

"अगं, परवाच नर्सबाई बघून गेल्या ना. वजन वाढतंय, छान पितेय म्हणाल्या."

"त्या दिवसा येतात. एकदा रात्री येऊन ऐका म्हणावं."

दिवसा वेस्ला माझ्यात झोपे. तेव्हा आजी खिडकीच्या काचेतून बघून, मला बाहेरही ऐकू येईल अशा खणखणीत आवाजात म्हणे, "बघ, बाहेर कशी गपगार पडलीय. शेतिलही असाच होता. झोपला की हूं की चूं नाही."

ही स्तुती ऐकून मला अवघडल्यासारखे होई. शेतिल झोपेत वासरासारखा हंबरायचा. ते ऐकायला मी एकटीच बाहेर होते. वेस्लाही माझ्यात तशीच गुरगुरे आणि कण्हे. पण खिडकी बंद, त्यात वारा. कुणाला ऐकू जात नसे, म्हणून कुणी उचलत नसे, आणि ती आपली झोपून राही. हे मला ठाऊक होते. पण बाबागाडीने सांगायचे कुणाला?

इंगविलची दशा बघवत नव्हती. ती रिकामी किटली चुलीवर ठेवून विसरायची. एकदा बाळाला घेऊन जिन्यात उभी राहिली आणि आपण वर निघालो होतो की खाली, तेच तिला आठवेना. त्या संध्याकाळी ती व्हरांड्यात शेतिलला म्हणाली, "रात्र व्हायचीही वाट बघावी लागत नाही. जेवणं झाली की मी घड्याळाकडे बघायला लागते. मला तिची भीती वाटायला लागलीय. तू बोटीवर गेलास की मी काय करू?"

शेतिल मासेमारीच्या बोटीवर कामाला होता आणि त्याची रजा संपत आली होती. त्याने माझ्या दांड्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "गाडीत ती शांत झोपते ना? मग आज रात्री मी तिला घेऊन फिरतो. तू दार लावून झोप."

उन्हाळ्यात आमची रात्र उजेडीच असते. शेतिल मला उतारावरून धक्क्यापर्यंत घेऊन गेला आणि तिथे फेऱ्या मारू लागला. माझे चाक कुरकुरत होते आणि त्या कुरकुरीत वेस्लाचा आवाज बुडत होता. शेतिलला वाटले, गाडीची जादू. तो माशांच्या एका उलट्या पेटीवर बसला, पायाने ब्रेक दाबला आणि बसल्या बसल्याच त्याची मान खाली गेली.

ब्रेक खट्कन वाजला, पण त्याने चाक धरले नाही.

पाणी वाहून जावे म्हणून धक्का समुद्राकडे जरासा उतरता असतो. डोंगरावरून वारा आला आणि मी सरकले. अगदी सावकाश, पण समुद्राच्याच दिशेने. मित्रांनो, मला हात नाहीत, तोंड नाही. माझे चाक कुरकुरले, पण ती कुरकुर तर शेतिलला अंगाईसारखी झाली होती. कडेशी एका बोटीच्या जाड दोराला माझे पुढचे चाक अडले आणि मी थांबले. पुढे फक्त पाणी होते. वारा मला ढकलतच होता.

चाक गप्प झाल्यावर वेस्लाचा आवाज मोकळा झाला. एक लांबलचक, ओढून काढलेले कण्हणे. ज्या आवाजाने या घराची झोप उडवली होती, तोच. शेतिलचे डोळे उघडायच्या आधी त्याचे पाय निघाले. त्याने माझा दांडा पकडला आणि मला ओढत थेट धक्क्यामागच्या भिंतीपर्यंत नेले.

त्याला बाळाला उचलायचे होते. पण घाईत जाळीचा हुक सुटेना. म्हणून तो नुसता वाकून बघत राहिला. वेस्ला लाल झाली, तिने पाय पोटाशी घेतले, गुरगुरली, चीं केले, गप्प झाली. शेतिलने कान जाळीला लावला. मग तिचा श्वास पुन्हा संथ सुरू झाला. डोळे मिटलेलेच होते. ती सबंध वेळ झोपेतच होती.

घरी येऊन त्याने इंगविलला दोराची गोष्ट आधी सांगितली.

"ब्रेक," ती इतकेच म्हणाली.

बाळ हे आवाज झोपेतच करते, ही त्याची दुसरी गोष्ट तिला पटेना. दुपारी ती कोट घालून माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसली. दर आवाजाला तिचा हात पुढे यायचा आणि ती तो मागे घ्यायची. थोड्या वेळाने आजी वॅफलची ताटली घेऊन आली.

"अगं, आत चल. गारठशील."

"तुम्हीच बसा इथे. ऐका जरा."

आजीने कान दिला. "हे असं करते ती?"

"असंच. आणि झोपलीय."

"म्हणजे शेतिलही..."

"ते या गाडीला विचारा."

आजी माझ्याकडे बघत राहिली आणि मग खुद्कन हसली.

शेतिलने बोटीवर जायच्या आधी मला नवा ब्रेक बसवला आणि उतारावर उभी करून पुन्हा पुन्हा तपासला. मित्रांनो, जुनी वस्तू वापरायला काढाल तेव्हा नुसती चमकवून थांबू नका. तिचे जे कुणाच्या नजरेला पडत नाही, ते आधी बघा. आणि तुमच्या घरी तान्हे बाळ आले, ते झोपेत कण्हू लागले, तर उचलायच्या आधी क्षणभर त्याच्याजवळ थांबा. खरे रडत असेल तर लगेच घ्या. झोपेत असेल तर झोपू द्या, आणि त्याच्या आईलाही.

इंगविलच्या रात्री अजून सोप्या नाहीत. आता खोलीची खिडकी थोडी उघडी असते. वेस्ला गुरगुरते आणि मग इंगविलचा दबका आवाज येतो, स्वतःलाच समजावणारा, "झोपलीय. झोपलीय ती." काल वेस्लाने चांगली मोठी चीं केली. मी इंगविलच्या दबक्या आवाजाची वाट पाहत राहिले. तो आलाच नाही. आले ते इंगविलचे घोरणे.