थुंकीवर तरंगलेलं गलबत

थेमेलिसकाकांचं नवं गलबत माझी नजर लागून पाण्याच्या तोंडाशी अडकलं, असं गाव म्हणतं. तर, असं काही झालंच नाही. मी त्या दिवशी आमच्या ग्रीसमधल्या सिमी बेटाच्या किनाऱ्यावर नुसता उभा होतो, डोळे उघडे ठेवून. ते निळे आहेत, आणि निळ्या डोळ्यांचीच नजर लागते म्हणतात; हा दोष आजोबांचा.

गलबत दोन्ही टोकांना निमुळतं, पोटाशी गरोदर बाईसारखं भरलेलं. त्याच्या फळ्यांच्या फटींत हिवाळाभर कापूस ठोकला मी. सुकाणू मात्र काकांनी सारांडिसला दिलं. सारांडिस माझा चुलतभाऊ. हिवाळाभर त्याने मिशी वाढवली.

पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, नजर लागू नये म्हणून गलबताच्या पुढच्या टोकावर लसणाची माळ चढली, चरबी फासलेल्या ओंडक्यांवरून सारं गाव दोर ओढू लागलं. मी म्हणालो, "काय देखणं आहे हो!"

गलबत थांबलं.

काथोलिकीकाकूने लगेच बशीतल्या पाण्यात तेलाचा थेंब सोडला. थेंब दिसेनासा झाला, म्हणजे नजर लागलीच. सगळं गाव माझ्याकडे वळलं.

"निळ्या, थुंक!" काकू ओरडली.

"मी काय केलं?"

"देखणं म्हणालास आणि तसाच उभा राहिलास! कौतुक केलं की तीनदा थुंकायचं, हे शेळ्यांनाही कळतं मेल्या!"

मी प्रयत्न केला. पण जळून जळून तोंड पार कोरडं पडलेलं. शेवटी सारांडिस स्वतः लिंबू कापून घेऊन आला.

"चोख, भावा. पाया पडतो तुझ्या."

"सुकाणू देतोस?"

"आधी थुंक."

थुंकलो. गलबत निघालं. सारांडिस टुणकन वर चढला आणि सुकाणूवर कोपर टेकून असा उभा राहिला, जणू आईच्या पोटातून ते धरूनच बाहेर आला होता. मी पुन्हा जळलो.

गलबत पुन्हा थांबलं.

पुन्हा लिंबू. पुन्हा मिशीला पीळ. पुन्हा माझं जळणं. गलबत पाण्यात शिरेपर्यंत गावातली लिंबं संपली आणि पाद्रीबाबा व्हिनेगर आणायला पळाले.

काकांनी घाम पुसत, माझ्याकडे बोट दाखवून सारांडिसला निकाल दिला, "फिलिमोनलाही घेऊन जा. भर समुद्रात अडकलात तर थुंकणार कोण?"

त्यामुळे आता मीही गलबतावर असतो. सारांडिसकडे सुकाणू, माझ्याकडे लिंबू. शीड वाऱ्याने फुगलं आणि ते मला आवडलं, की मी तीनदा थुंकतो. वारा समोरचा असला की सगळं माझ्याच तोंडावर येतं. सारांडिस न हसता म्हणतो, "शाब्बास."

सबब माननीय बंदर अधिकाऱ्यांस अर्ज करतो, की सदर गलबताचे सुकाणू अर्जदाराकडे सोपवावे. ते नियमांत बसत नसल्यास सदर गलबत कुरूप असल्याचे शासकीय शिक्क्यानिशी जाहीर करावे, व तसे अर्जदाराच्या दोन्ही डोळ्यांस स्वतंत्रपणे कळवावे, ही नम्र विनंती.