कासवांसाठी राखीव

"अंडी नक्की कुठे घालतात, ते तुला ठाऊक आहे?" क्रेगसाहेबाने खुर्ची पुढे ओढली.

आम्ही आलो होतो माझ्या सासूच्या मातीचं विचारायला. बुधवारची सकाळ होती, सासू गावातल्या शवागारात होती आणि शनिवारी तिला पुरायचं होतं. पण साहेबाच्या डोक्यात कासवं. बिबट्यासारख्या ठिपक्यांची ती मोठाली कासवं माळावर थोडीच उरली होती, म्हणून त्याने ट्रक भरून आणवली होती, परदेशी पाहुण्यांना दाखवायला. आता पाहुण्यांना ती अंडी घालताना बघायची होती, आणि मेली जातात कुठे तेच कोणाला सापडत नव्हतं.

माझा नवरा एल्फस सोखेला याच माळावर जन्मला. त्याचा बाप इथेच राबला, इथेच पुरला. जुन्या मालकाने जमीन विकली, नव्या कंपनीने रानटी जनावरांसाठी कुंपण घातलं, देखरेखीला हा क्रेगसाहेब आणला, आणि आमची घरं पाडून आम्हाला गावाच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांत नेऊन टाकलं. तिथे सासू शेवटपर्यंत एकच सांगत होती, "मला म्हाताऱ्याशेजारी निजवा. परक्यांत टाकू नका."

"ठाऊक आहे की साहेब," एल्फस म्हणाला. टोपी हातात, मान खाली. मला असा राग आला!

"अहो, आधी आईंचं बोला." मी त्याला कोपर मारलं.

"बोलतो गं, मालांगा. त्यांचं काम झालं की ते काय नाही म्हणतील?"

हा त्याचा भाबडेपणा. जन्मभर नडला, तरी सुटला नाही.

दुपार कलल्यावर तो साहेबाला थेट आमच्या कबरींवर घेऊन गेला. "आजूबाजूचा माळ दगडासारखा, साहेब. एकदा खणलेली माती मऊ राहते. लहानपणी शेळ्या राखायचो तेव्हापासून बघतोय, मादी इथंच येते."

आणि खरंच, सासऱ्यांच्या कबरीवर एक मादी बसली होती. परातीएवढी. आपल्याच पाण्याने माती भिजवायची आणि मागच्या पायांनी उकरायची, एकदा उजव्या, एकदा डाव्या. साहेब पुढे सरसावला तसा एल्फसने त्याचा दंड धरला. इतक्या वर्षांत गोऱ्या माणसाला हात लावताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं.

"उचलू नका. घाबरली की अंगातलं सगळं पाणी टाकते. मग या कोरड्यात तहानेनं मरते."

आम्ही तासभर उकिडवे बसलो. पांढरी, गोल अंडी एकेक पडत होती आणि ती पायाने प्रत्येक अंडं हळूच बाजूला सारत होती. शेवटी तिने माती ओढली, अंग उचललं आणि धप्पकन वर बसली. पुन्हा उचललं, पुन्हा बसली. माती दाबायला धुमसच घालत होती म्हणा ना.

"आता वर्षभर ही माती कोणी हलवायची नाही," एल्फस मोठ्या ऐटीत म्हणाला. "मग पाऊस झाला की पिल्लं वर येतात. बोटाएवढी."

"एल्फस, तू सोनं आहेस, सोनं!" साहेबाचे फोटो थांबेनात.

तेव्हा कुठे आमच्या गड्याला कंठ फुटला. "साहेब, माझी आई... बाबांच्या शेजारी, ही इथं. दोन हातांवर."

"हो, हो. बघतो. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी गेलो तर कबरींभोवती नवीन तार ठोकली होती. पाटी होती: 'कासवांसाठी राखीव. आत पाय ठेवू नये.' साहेब स्वतः भेटायला आला, चेहरा पाडून.

"मला फार वाईट वाटतं, एल्फस. पण तूच म्हणालास ना, वर्षभर माती हलवायची नाही? कुदळ मारली तर अंडी जातील." मग म्हणतो, "शनिवारच्या जेवणाला आमच्याकडून एक हरीण पाठवतो."

"तुमचं हरीण तुम्हीच खा!" मी ओरडले. "एवढा माळ पडलाय, कासवांना आमचीच कबर लागते का?"

एल्फसने टोपी डोक्यावर घातली आणि फाटकाकडे चालू लागला.

शनिवारी सासूला गावच्या दफनभूमीत पुरलं. एका बाजूला कोणी अनोळखी ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला कोणाचंसं तान्हं पोर. जे नको म्हणाली तेच आम्ही केलं.

रविवारी एल्फस रानबोरीची फांदी घेऊन निघाला. सासू तिकडे जाऊ शकली नाही, तर बापाला तिच्याकडे आणायचं. आमच्यात मेलेल्याला असंच नेतात. तो फांदीवर बसून येतो. वाटेत नेणाऱ्याने फक्त त्याच्याशीच बोलायचं, म्हणून बाकीच्यांशी बोलायला सोबत मी. फाटकावरचा पहारेकरी आमच्यातलाच. फांदी बघून तो तोंड फिरवून उभा राहिला.

तारेच्या आत जायची सोय नव्हती. एल्फसने वरून हात लांबवून फांदीचं टोक कबरीला टेकवलं, अंड्यांपासून वीतभर लांब. "बाबा, चला. आई गावात आहे."

टॅक्सीच्या मिनीबसमध्ये मी तीन माणसांचं भाडं दिलं. ड्रायव्हरने न सांगता रेडिओ बंद केला. पुढच्या थांब्यावर एक बाई कोबीची पिशवी घेऊन चढली आणि रिकाम्या जागेकडे वळली.

"ती भरली आहे, मावशी," मी म्हणाले.

तिने फांदी पाहिली. "माफ करा हं, बाबा," असं त्या जागेला म्हणाली आणि मागे जाऊन उभी राहिली.

एल्फस बापाला रस्ता सांगत होता. बाबा, आता नदी आली. बाबा, आता डांबरी रस्ता. मग त्याने फांदी छातीशी धरून डोळे मिटले. मला वाटलं, डोळा लागला.

"बाबा," तो म्हणाला, "जागा त्यांना मीच दाखवली."

गाडी गच्च भरली होती. सगळ्यांनी ऐकलं, आणि एकानेही मान वळवली नाही.