झाकणाजवळची पट्टी

दोष हार्लन प्रुइटचा आहे. वादळाला नावं ठेवून कोणी त्याला सोडवू नये. मी त्याच्या माळ्यावरची लोखंडी पट्टी बोलतेय, त्यानेच स्वतःच्या हाताने ठोकलेली.

बोटभर रुंदीची, जस्ताचा मुलामा दिलेली, मधोमध पीळ घातलेली, भोकाभोकांची मी. माझं काम साधं. छपराची लाकडी कैची, म्हणजे छप्पर तोलणारा त्रिकोणी सांगाडा, एका हाताने धरायची, भिंतीवरची तुळई दुसऱ्या हाताने, आणि वारा छप्पर उचलायला आला की सोडायचं नाही. फ्लोरिडाच्या या किनाऱ्यावर माझ्यासारख्या दर घरात असाव्यात म्हणून आम्हाला घडवतात. एका पेटीत आम्ही भरपूर होतो. प्रत्येक कैचीला दोन, दोन्ही टोकांना एकेक. हार्लनने अख्ख्या छपराला पुरेल अशीच पेटी आणली होती, हे आधी सांगून ठेवते. नव्हत्या म्हणून लावल्या नाहीत, असं झालेलं नाही.

त्या वर्षी विमा कंपनीने हप्ता वाढवला होता. पण घर वाऱ्याला टिकेल असं तपासनिसाने लिहून दिलं तर भरघोस सूट होती. हार्लन उन्हाळ्यात माळ्यावर चढला. माळा म्हणजे भट्टी. खाली उष्णता अडवायला अंथरलेला पिवळ्या कापसासारखा थर, अंगाला लागला की खाज. माळ्यावर चढायच्या झाकणाच्या तोंडाशीच जी कैची होती तिला त्याने मला ठोकलं, शेजारच्या कैचीला माझ्या बहिणीला. खिळे नवेकोरे, चकचकीत, नियमापेक्षा जास्तच. मला केवढा अभिमान वाटला. म्हटलं, आपण पहिल्या. आता हा सरकत सरकत त्या टोकापर्यंत जाईल.

त्याने पेटी बंद केली, काखेत मारली आणि खाली उतरला.

मी वाट बघत राहिले. मूर्ख होते. कामाचा माणूस काम अर्धवट टाकत नाही, असं मला वाटायचं, आणि हार्लन तर गावभर छपरं घालणारा, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा. मग एक दिवस झाकण उघडलं आणि वेंडेलचं टक्कल वर आलं. वेंडेल म्हणजे तपासनीस, हार्लनचा शाळेपासूनचा दोस्त.

"आई गं, माझा गुडघा," वेंडेल म्हणाला.

"मग पुढे कशाला जातोस? ती बघ, नाकासमोर आहे. काढ फोटो."

वेंडेलने माझ्या खिळ्यांना मोजपट्टी लावून फोटो काढला. मग बॅटरी आत मारली. आत हार्लनने नाताळच्या सजावटीची खोकी रचून ठेवली होती, भिंतीसारखी.

"त्या टोकालाही लावल्यात ना रे?"

"वेंडेल, या गावातली निम्मी छपरं माझ्या हातची आहेत. तू मला विचारतोस?"

"विचारावं लागतं बाबा. नोकरी आहे."

"मग विचारलंस. चल खाली, ओपलवहिनीने बोय मासे तळलेत."

वेंडेल उतरला. माझ्या एका फोटोवर सगळं छप्पर पास झालं. जिथे पट्टीच नाही तिथल्या लाकडांची साक्ष मी दिली, मला न विचारता.

छज्ज्याखालच्या जाळीतून मला व्हरांड्यातलं सगळं ऐकू यायचं. हार्लन उकडलेल्या शेंगा सोलत शेजारच्या क्लाइडला शिकवत होता, "झाकणापाशी दोन लाव, बास. तपासणारे सगळे आपल्या वयाचे. सरपटणार कोण?" दोघं खोकेपर्यंत हसले. त्या गल्लीत माझ्यासारख्या अजून किती जणी झाकणाशी एकट्या उभ्या होत्या, मला माहीत नाही. या म्हाताऱ्यांना वाटत होतं आपण कंपनीला फसवतोय. कंपनी त्यांच्या छपराखाली झोपत नव्हती.

मग ते वादळ आखातातून निघालं. त्या आधीच्या महिन्यात हार्लनच्या बायकोचं, ओपलचं, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. ती पार टोकाच्या खोलीत पलंगावर होती. मुलगी वर्ना आईचं करायला येऊन राहिली होती. शेरीफची माणसं दारोदार सांगत होती, निघा म्हणून.

वर्नाची गाडी दाराशी तयार होती. ती झाकणाच्या बरोबर खाली बापासमोर उभी राहिली. एकूण एक शब्द मी ऐकला.

"बाबा, आईला पाच तास गाडीत बसवलं तर ती वेदनेने मरेल. नाही नेलं तर भीती वाटते. खरं सांगा. छप्पर धरेल?"

हार्लनने वर झाकणाकडे पाहिलं.

आतून ओपल ओरडली, "अगं, त्याने स्वतः बांधलंय. त्याला काय विचारतेस?"

"मी बाबांना विचारतेय, आई."

आत्ता बोल, असं मी वरून ओरडत होते. लोखंडाला आवाज नसतो. एक वाक्य पुरलं असतं. पोरी, मी लावल्या नाहीत, गाडीत घाल आईला. एवढंच. पण बायकोसमोर, मुलीसमोर छोटं व्हावं लागलं असतं, आणि ते त्याला जमलं नाही.

"तपासणी झालीय ना," तो म्हणाला. "कंपनीने सूट उगाच दिली का?"

मला वाटतं, त्या क्षणी त्याचा स्वतःचाही विश्वास बसला होता.

वर्नाने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.

सकाळी वारा आला. माझी कैची हलली, कुरकुरली, पण मी सोडली नाही. बहिणीनेही सोडली नाही. त्या टोकाला मात्र नुसते तिरपे खिळे होते. ते बाटलीचं बूच निघावं तसे निघाले. छप्पर तिथून उचललं गेलं, वर उभं राहिलं आणि मोडून खाली आलं, ओपलच्या खोलीत. वर्ना तेव्हा आईसाठी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली होती.

पाऊस थांबल्यावर वर्ना शिडी लावून वर आली. तिने मला पाहिलं, माझ्या खिळ्यांवर बोट फिरवलं. मग उघड्या आभाळाखाली टोकापर्यंत गेली, एकेक लाकूड बघत.

"बाबा, बाकीच्या कुठेत?"

हार्लनने शेडकडे बोट केलं. तिथे माझ्या बहिणींना वाकवून त्यांचे आकडे केले होते. त्यांना गळ आणि जाळी टांगलेली होती.

"लावणारच होतो गं," तो म्हणाला. "उकाडा कमी झाला की."

वर्नाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. वेंडेल फाटकाशी टोपी हातात धरून उभा होता. ती त्याला एवढंच म्हणाली, "काका, तुमचा गुडघा कसाय?"

मी अजून माझ्या जागी आहे. वर निळी ताडपत्री, खिळ्यांना गंज चढतोय. लवकरच बुलडोझर येईल. जाण्याआधी एक मागणं आहे. तुमच्या माळ्यावर कोणी तपासायला आला तर त्याला खोक्यांपलीकडे सरपटायला लावा. नाही म्हणाला तर तुम्ही सरपटा. घरातल्या मोठ्यांच्या शब्दावर खाली बसून राहू नका.

ओपल प्रुइट त्या सकाळी पलंगावरच गेली. दफनानंतर वर्ना गावातून निघून गेली, आणि ती बापाचा फोन उचलत नाही.