अक्षतांनी अडलेला स्वर

मित्रांनो, माणसाचं वय केसांवरून ओळखतात, तसं माझं वय माझ्या पट्ट्यांवरून ओळखावं. एके काळी त्या दुधासारख्या पांढऱ्या होत्या, आता पिकल्या केळ्याच्या सालीसारख्या पिवळसर झाल्या आहेत. तीन पायांवर उभा, पाठीवर भलंमोठं झाकण, असा मी एक पियानो. पनवेलला आशालताबाईंच्या घरी, तळमजल्यावरच्या खोलीत माझा मुक्काम असतो.

माझा जन्म मात्र इथला नाही. कोलकात्याच्या एका कारखान्यात मला घडवलं. माझ्या पोटात तारा ताणून बसवल्या आणि प्रत्येक तारेसाठी दाबलेल्या लोकरीची टोपी घातलेली एक लाकडी हातोडी ठेवली. पट्टी दाबली की आतली हातोडी उडी मारते, तारेला टेकते आणि लगेच मागे सरते. एवढंच माझं गुपित.

तरुणपणी मी मुंबईतल्या एका हॉटेलात होतो. लोक जेवत असत आणि मी वाजत असे. खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा काट्याचमच्यांचाच आवाज जास्त. हॉटेल बंद पडलं तेव्हा मी धूळ खात पडलो. तिथून मला कमलाकर सरांनी उचललं. सर पनवेलच्या एका शाळेत संगीत शिकवायचे. मी दारात उतरलो तेव्हा त्यांच्या पत्नी आशालताबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“अहो, हे वाद्य आहे की पलंग?” त्या म्हणाल्या.

“आधी ऐक, मग बोल,” सर म्हणाले, आणि त्यांनी तिथेच अंगणात उभं राहून एक भूपाळी वाजवली. बाई आत गेल्या आणि हळदीकुंकू घेऊन आल्या.

त्या दिवसापासून मी त्यांच्या नेमात बसलो. पहाटे तुळशीला पाणी, मग देवपूजा, मग मऊ फडक्यानं माझं अंग पुसणं. दसऱ्याला माझ्या पट्ट्यांवर फूल आणि अक्षता. संकष्टी असो, एकादशी असो, पोटात अन्न नसलं तरी फडकं फिरल्याशिवाय राहिलं नाही. सर गेले त्या वर्षीसुद्धा नाही. पुसणं चालू राहिलं, वाजणं तेवढं थांबलं. पुष्कळ वर्षं मी चकचकीत होतो आणि मुका होतो.

मग नात रेवा माझ्यापुढे बसू लागली. तिची बोटं वाढली, तशी मलाही पुन्हा वाचा फुटली. तिचे बाबा, म्हणजे आशालताबाईंचे चिरंजीव निनाद, यांना मात्र खोली मोकळी हवी होती.

“आई, रेवा आता पुढं शिकायला बाहेर जाणार. एका माणसाशी बोललोय. लाकूड चांगलं आहे म्हणतो,” ते एकदा जेवताना म्हणाले.

वाद्य नव्हे, लाकूड. ते मी ऐकलं, मित्रांनो.

बाई हळूच म्हणाल्या, “एवढा कार्यक्रम होऊ दे. त्यात हा वाजला तर घरात राहील. नाही वाजला तर तू म्हणशील तसं.”

तो कार्यक्रम म्हणजे पनवेलच्या नाट्यगृहात होणारा मोठा वाद्यवृंद. मुंबई, पुणे, गोवा इथले वादक यायचे होते, आणि त्यांचं संचालन करायला खास पाहुण्या म्हणून चारुताताई येणार होत्या. त्या शेजारच्याच कामोठ्यात वाढलेल्या, आता परदेशात मोठमोठे वाद्यवृंद चालवतात. पियानोला बसणार होती आमची रेवा. तिनं घरचाच पियानो मागितला. ताईंनी कळवलं, “सकाळी सरावात ऐकते आणि ठरवते. इलेक्ट्रॉनिक पियानो सांगून ठेवलाय.”

कार्यक्रमाच्या सकाळी जवळच्या विचुंबे गावचे टेंपोवाले महादेवभाऊ चार माणसं घेऊन आले. मला उचलताना म्हणाले, “काकी, यो काय बाजा हाय? आमाला वाटला हत्तीचा पिल्लू हाय.”

“हळू रे बाबांनो. पहिल्यांदाच घराबाहेर चाललाय,” बाई म्हणाल्या. लेक सासरी निघावी तशी त्यांनी माझी पाठवणी केली. झाकण उघडलं, कुंकवात भिजवलेल्या ओल्या अक्षता पट्ट्यांवर वाहिल्या आणि हात जोडले. तो स्पर्श मला फार बरा वाटला. पुढं काय होणार, हे मलाही ठाऊक नव्हतं.

नाट्यगृहात सगळे वादक बसले. चारुताताईंनी हातातली काठी उचलली आणि रेवानं सुरुवात केली. पहिला भाग दणक्यात गेला. मधला भाग मात्र अगदी शांत. तिथं वाद्यवृंद थांबतो आणि माझ्या मधल्या एका स्वरावर सगळं उभं राहतं. रेवानं ती पट्टी दाबली. पट्टी खाली गेली आणि वर आलीच नाही.

रेवानं ती बोटानं वर उचलून पुन्हा दाबून पाहिली. नुसती टक झाली.

“दुसरा पियानो मागवा. वेळ नाही आपल्याकडे,” चारुताताई म्हणाल्या. रागावून नव्हे, पण स्पष्ट. निनादराव पहिल्या रांगेतून उठलेच.

तेव्हा मागून बाईंचा आवाज आला. “तांदूळ अडकला असेल. सकाळी मीच अक्षता वाहिल्या.”

सभागृहात कुणी हसलं नाही. वाद्य जुळवायला आलेले प्रभाकरमामा पुढं झाले, चार स्क्रू काढले आणि माझ्या पट्ट्यांचा सगळा सांगाडा खणासारखा बाहेर ओढला. खाली पाहतात तर सकाळचे ओले दाणे, आणि त्यांच्या मागं कितीतरी दसऱ्यांचे सुकलेले.

“वहिनी, आणखी दोन वर्षं थांबला असतात, तर साखरभात झाला असता,” मामा म्हणाले.

आता मात्र सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांचे डोळे भरले होते. चारुताताई खाली उतरून त्यांच्याजवळ आल्या. “काकू, माझ्या पहिल्या व्हायोलिनला आईनं कुंकू लावलं होतं. डाग अजून आहे. पुसू देत नाही मी कुणाला.”

मामांनी दाणे वेचले, पट्ट्या पुन्हा बसवल्या. पट्टी आता वर येत होती, पण तिच्या खाली अंथरलेली लोकर ओल्या अक्षतांनी भिजून फुगली होती, त्यामुळे ती पुरती दाबली जात नव्हती. “वाजेल,” ते म्हणाले, “पण घसा बसल्यासारखी. सुकायला दोन दिवस तरी लागतील. आजच्या आज काही होणार नाही.”

चारुताताईंनी रेवाकडे पाहिलं. “नेमका तोच स्वर आहे. मागच्या रांगेपर्यंत पोचायला हवा.”

रेवानं माझ्या पट्ट्यांवरचा हात काढला नाही. “ताई, हा याहून मोठ्यानं बोलू शकणार नाही,” ती म्हणाली. “पण आपण सगळे हळू होऊ शकतो ना?”

ताईंनी मान हलवली. मग वादकांकडे वळल्या. “मधल्या भागात सगळ्यांनी निम्मा आवाज. त्याच्याही निम्मा. घरातल्या आजोबांशी बोलतोय असं समजा.”

“आमचे आजोबा बहिरे आहेत, मॅडम. आम्ही ओरडूनच बोलतो,” एक गोव्याचा वादक म्हणाला.

“हे बहिरे नाहीत. यांचा घसा बसलाय. पुन्हा सुरुवातीपासून.”

संध्याकाळी नाट्यगृह भरलं. दणक्याचा पहिला भाग संपला. मग चारुताताईंनी डावा तळवा हळूहळू खाली आणला, जसं झोपलेल्या बाळाच्या अंगावर पांघरूण घालावं. चाळीस वाद्यांनी आपला आवाज आवरला. कुणी खोकलं नाही. रेवानं ती पट्टी दाबली, आणि माझा बसलेला, दबका, खरखरीत स्वर अगदी शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेला. मित्रांनो, हॉटेलातल्या सगळ्या वर्षांत माझ्यासाठी इतकी माणसं कधी गप्प झाली नव्हती. बाईंची त्या दिवशी संकष्टी होती. चंद्रोदय होऊन गेला तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी घरी आलो. निनादरावांनी फोनवर कुणाला तरी सांगितलं, “नाही हो, लाकूड नाही ते. वाजतंय.” मग त्यांनी स्वतः खोलीतलं कपाट हलवलं आणि मला खिडकीशी नीट जागा करून दिली. आता संध्याकाळी शेजारची मुलं येतात, आणि बाई त्यांना माझ्यापुढे बसवतात.

तुमच्याही घरात एखादं जुनं वाद्य असेल. त्याला जरूर पुसा, फूलही वाहा, पण एवढ्यावर थांबू नका. आत काय अडकलंय ते एकदा कुणा जाणत्याला पाहू द्या. मग हात धुऊन या, झाकण हळू उघडा आणि वाजवा. स्वर थोडा दबका आला तर त्याच्यावर रागावू नका. अशा वेळी आपण सगळ्यांनी जरा हळू व्हायचं असतं.