गावराकाकांचे ठिपके

"तुलाही दिसतायत?"

गावराकाकांनी हे इतक्या हळू विचारलं, की आधी मला वाटलं, ते स्वतःशीच बोलतायत. मी त्यांच्या खुर्चीत बसलो होतो. समोर कॉम्प्युटर, पडद्यावर चार आवाजांच्या गाण्याचं नोटेशन, आणि त्या पाच-पाच रेघांवर सगळीकडे लाल-हिरवे बारीक ठिपके.

"काय दिसतायत?" मी म्हटलं.

"ते. ठिपके."

"न दिसायला काय झालं? गोवर निघाल्यासारखा झालाय पडदा. कधीपासून आहे हे?"

काका पलंगाच्या कडेवर टेकले आणि चष्मा काढून नुसता हातात धरून बसून राहिले.

मला बोलावलं होतं वेगळ्याच कामासाठी. गावराकाका शहात्तर वर्षांचे. आमचं गाव तिसा नदीच्या काठावर आहे, आणि मिरवायला त्याच्याकडे एका गायनमंडळाशिवाय फारसं काही नाही. त्या मंडळाचं नोटेशन उतरवून द्यायचं काम काका एक्केचाळीस वर्षं करत होते, आधी शाई-टाकानं, पुढे कॉम्प्युटरवर. आता ते काम सोडत होते. शाळेत संगीत शिकवणारी मिओना दुपारी एक वाजता येऊन कॉम्प्युटर घेऊन जाणार होती. त्याआधी मी त्यातलं घरगुती सामान, म्हणजे लग्नाबारशाचे फोटो आणि पेर्साकाकूंच्या लोणच्याच्या कृती, बाहेर काढून द्यायचं, एवढंच. हल्ली माझ्याकडे अशीच कामं येतात. नवीन मशीन जोडायला मला कोणी बोलावत नाही, जुनं आवरायला बोलावतात. गुडघेही आता अशाच कामांच्या लायकीचे उरलेत.

काका काम का सोडतायत, ते गावाला ठाऊक होतं. मे महिन्यात मंडळाला नव्वद वर्षं झाली म्हणून मोठा कार्यक्रम होता. मीही गेलो होतो, तिसऱ्या रांगेत. पहिलं गाणं लंगडत लंगडत पार पडलं. दुसऱ्यात पुरुषांचा आवाज भलतीकडेच गेला. समोर उभं राहून गाणं चालवणाऱ्या संचालकानं हात वर करून थांबवलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच आपटलं. मागे कोणीतरी हसलं. काका पहिल्या रांगेत, नव्या कोटात बसले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच चिठ्ठी पाठवली, की डोळे गेले, माफ करा.

"डोळ्यांचं कारण खरं नव्हतं," काका आता पलंगावरून म्हणाले. "डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू अजून कच्चा आहे, इतक्यात हात लावायला नको. ठिपक्यांचं मी त्याला बोललोच नाही."

"का?"

त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. काकू मागच्या गच्चीत ढोबळ्या मिरच्या भाजत होत्या, त्याचा खमंग वास घरभर पसरला होता.

"माझा बाप शेवटी चादरीवरच्या मुंग्या वेचायचा. नसलेल्या मुंग्या. दीड वर्ष वेचत होता. आई त्याच्यासमोर बसून त्याच्याबरोबर वेचायची, त्याला बरं वाटावं म्हणून. मला फेब्रुवारीत हे ठिपके दिसायला लागले. छापून काढलं, की कागदावर एक नाही. मग ते असणार कुठे? माझ्याच डोक्यात ना?"

"सकाळी कमी असायचे, दुपारी जास्त?"

"तुला रे कसं कळलं?"

"दुपारपर्यंत मशीन तापतं, काका."

"मला वाटायचं, डोकं दमतं."

"अहो, पण काकूंना एकदा दाखवायचंत तरी."

"ती आत आली की मी पडदा बंद करायचो. रोज वाटायचं, विचारावं. पण ती 'कुठे आहेत?' म्हणाली असती तर?"

आठ महिने हा माणूस त्या खोलीत एकटा बसून वेडा व्हायची वाट बघत होता. मला त्यांचा रागही आला आणि कीवही.

मी कामाला लागलो. अशा वेळी घाई करून चालत नाही. बिघाड पडद्यात असेल, वायरमध्ये असेल, नाहीतर आतल्या ग्राफिक्स कार्डात. आणि समजा यातलं काहीच निघालं नाही तर? मी भलतीकडे बोट दाखवलं तर म्हाताऱ्याला आधी उचलून मग आपटल्यासारखं झालं असतं. आधी पडद्याच्या कडेचं बटण दाबलं. उजेड कमी-जास्त करायची त्याची स्वतःची यादी ठिपक्यांच्या वर अगदी स्वच्छ उमटली. म्हणजे पडदा बरा होता. मग गुडघ्यांना शिव्या घालत टेबलाखाली शिरलो, वायर बदलायला.

टेबलाखाली कॉम्प्युटरच्या डब्याला लोकरीचं जाकीट घातलेलं होतं. निळं, चारही बाजूंनी गच्च, मागे वायरींपुरती चीर, वर तीन बटणं. मी तीस वर्षं मशिनी उघडतोय, पण मशिनीची बटणं काढायची वेळ पहिल्यांदाच आली.

नवीन वायर लावली, ठिपके तसेच. मग वायर कार्डातून काढली, कार्ड वगळून थेट मूळ बोर्डावरच्या भोकात खोचली आणि मशीन परत चालू केलं. काका उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांचा श्वास माझ्या कानाला लागत होता. नोटेशनचं पान उघडलं. पांढरंशुभ्र. रेघा, सूर, शब्द, आणि बाकी काही नाही.

"कार्ड गेलंय," मी म्हटलं. "पडद्यावर चित्र काढतं ते. डोळे नाहीत, डोकं नाही. कार्ड."

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच विसरले. मग एकदम ओरडले, "पेर्सा! अगं पेर्सा!"

काकू काळे झालेले हात पुढे धरून धावत आल्या. "काय झालं? पडलात?"

"माझं डोकं चांगलं आहे!"

"हे तुम्हाला या मिलेन्कोनं सांगितलं? मी पन्नास वर्षं उलटंच सांगतेय, ते नाही ऐकलंत."

मग काकांनी सगळं सांगितलं, ठिपके, मुंग्या, सगळं. ऐकता ऐकता काकू मटकन खुर्चीत बसल्या. "आठ महिने तोंड सुकवून फिरताय, आणि बिघाड त्या डब्यात? जेवत नव्हता, बोलत नव्हता. मला वाटलं, पोटात काही वाढतंय आणि लपवताय. रात्र रात्र मी तुमचा श्वास ऐकत पडायची." त्या एप्रनमध्ये तोंड खुपसून रडल्या. तोंडाला काजळी लागली, तशाच उठल्या आणि जर्दाळूच्या घरच्या दारूचे पेले घेऊन आल्या.

"काकू, सकाळचे दहा वाजलेत. आणि माझ्या गुडघ्यांना दारू चालत नाही."

"पोटात जाते ती, गुडघ्यात नाही. घे मुकाट्यानं."

प्यालो. मग डबा उघडला. कार्डाचा पंखा निळ्या लोकरीनं गच्च बांधला गेला होता. हवा जायला जागा नाही, पंखा फिरत नाही. ते बिचारं कार्ड जाकिटात भाजून निघालं होतं.

"कशानं रे गेलं?" काकूंनी विचारलं. "मी तर किती जपलं त्याला. जानेवारीत विणलं हे जाकीट. त्या डब्यातून वारा यायचा, थेट यांच्या गुडघ्यांवर. वाऱ्यानं धडधाकट माणूस आडवा होतो, यांचं तर वय झालेलं."

आमच्याकडे जुलै महिन्यातसुद्धा बसच्या दोन खिडक्या कोणी एकदम उघडत नाही, मधून वारा जाईल म्हणून. माझ्या आईनंही हेच केलं असतं. मी लोकरीचा गोळा मुठीत घेऊन खिशात घातला.

"वय झालं होतं कार्डाचं," मी म्हटलं.

काकांनी माझ्या खिशाकडे पाहिलं, जाकिटाकडे पाहिलं. "ऐकलंस ना," ते बायकोला म्हणाले, "वय झालं होतं." काकू समाधानानं मिरच्यांकडे गेल्या. थोड्या वेळानं शेजारणीला गच्चीतून ओरडून सगळी हकीकत सांगतानाचा त्यांचा आवाज आला.

माझ्या पिशवीत एक जुनं पण धड कार्ड होतं, ते बसवलं. आता अर्धा-पाऊण तास मशीन तापवून बघायचं होतं. काका खुशीत होते. मिओनाला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगणार होते. नंबर लावता लावता थांबले.

"आधी एक बघतो," म्हणाले, आणि खणातून मे महिन्याचे कागद काढले. संचालकानं लाल पेन्सिलीनं चुकांभोवती गोल करून ते परत पाठवले होते. काकांनी पडद्यावर तेच गाणं उघडलं आणि एकेक गोल ताडून बघू लागले.

"हे बघ, सुरापुढे टिंब असलं की तो सूर दीडपट लांब. इथे टिंब होतं. खरं कुठलं आणि खोटं कुठलं कळेना, म्हणून संशय आला की पुसायचो. हेही पुसलं. हेही. हा बघ, हाही तुझ्या कार्डाचा प्रताप!" प्रत्येक गोलापुढे ते पेन्सिलीनं बरोबरची खूण करत होते. बऱ्याच दिवसांनी अंघोळ केलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता. पहिलं गाणं झालं, दुसरं सुरू झालं. चौथ्या पानावर पेन्सिल थांबली.

ते कागद बघत होते, पडदा बघत होते, परत कागद.

"मिस्त्री, कार्ड बिघडल्यावर अख्खी ओळ गळू शकते?"

"कसली ओळ?"

"ही पुरुषांची ओळ. दुसऱ्या कडव्यात ती नाहीच. तिच्या जागी बायकांची ओळ परत आलीय. गाणं इथे आपटलं होतं. टिंबांनी नाही आपटलं."

मी वाकून बघितलं. मला नोटेशन कळत नाही, पण दोन ओळी सारख्या आहेत एवढं कळत होतं, कागदावरही आणि आता स्वच्छ झालेल्या पडद्यावरही.

"पेर्साला सांगितलंस तसं नको सांगूस," काका म्हणाले. "कारागीर कारागिराला सांगतो, तसं सांग."

सकाळपासून एक खोटं माझ्या तोंडून सहज निघालं होतं. दुसरंही जिभेवर तयार होतं. कार्डाबरोबर कधी कधी आतली साठवणही बिघडते, काका, काहीही होऊ शकतं. त्यांना कुठे कळणार होतं? मीही थकलो होतो. एखाद्या दिवशी तरी कोणाला सुखी करून घरी जावं, असं मलाही वाटतं. पण तीस वर्षं लोक मला विचारत आलेत, आणि तीस वर्षं मी बिघाड आहे तिथेच बोट ठेवत आलोय.

"नाही, काका," मी म्हटलं. "कार्ड फक्त दाखवतं. जे लिहिलंय ते बदलत नाही."

"हं."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "मला ती ओळ लिहिल्याचं आठवतंय," ते म्हणाले. "अगदी नीट आठवतंय. बाहेर बर्फ पडत होतं. पेर्सानं चहा आणून ठेवला, तो निवला. मी ती ओळ लिहिली आणि मग चहा प्यालो."

मशीन तापलं. पडद्यावर एकही ठिपका आला नाही.

एक वाजता मिओना आली. पस्तिशीची, दोन शाळांत शिकवणारी, धापा टाकत. काकूंनी दारातच तिला धरलं. "रिकाम्या हातानं जायचंय तुला! बरे आहेत ते! मशीनच बिघडलं होतं!"

"खरंच?" मिओना एकदम हलकी झाली. "काका, सुटले मी. मला खरं तर वेळच नाही हो. करा तुम्हीच."

काका उठून उभे राहिले. शर्ट नीट केला. "डोळे उत्तम आहेत," ते म्हणाले. "पण मशीन तू घेऊन जा."

"अहो?" काकू म्हणाल्या.

"एक्केचाळीस वर्षं झाली, पेर्सा. कंटाळा आला आता. डोळे बरे आहेत तर जरा नदी बघीन."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी वायर गुंडाळत होतो. "लग्न झाल्यापासून या माणसाला कंटाळा आलेला मी आज पहिल्यांदा बघतेय," त्या म्हणाल्या आणि हसल्या. त्यांना बरंच वाटलं असावं.

काकांनी मिओनाला चौथं पान दाखवलं. "ही ओळ राहिलीय माझ्याकडून. सगळ्यात आधी ही भर." ती 'चालायचंच' असं काहीतरी पुटपुटली. काकांनी ते ऐकलं नाही.

काकांचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद होती. डबा मी घेतला, बाकीचं मिओनानं. पडद्याला काकांनी कोणाला हात लावू दिला नाही. छातीशी धरून, प्रत्येक पायरी पायानं चाचपत ते तीन मजले उतरले. मोटारीत मागच्या सीटवर त्यांनी तो उभा केला, भोवती सीटचा पट्टा घेतला आणि खाचेत दाबला. खट् असा आवाज मला बाहेर ऐकू आला. त्यांनी पट्टा ओढून बघितला. परत एकदा ओढून बघितला. मग ते बाजूला झाले आणि मला जागा करून दिली.

"तू पण एकदा बघ रे," ते म्हणाले. "लागलाय ना?"

मी वाकलो आणि पट्टा ओढला. "लागलाय, काका."