उचगावच्या शोकेसमधली पिशवी

या, जवळ या. भिंतीला टेकलेल्यांनी जरा पुढं सरका. कीर्तनाला अजून अवकाश आहे, बुवांचा चहा चाललाय. तोवर एक गोष्ट ऐकून घ्या. संतांची नाही, पित्ताच्या पिशवीची आहे. नाक मुरडू नका, तीही देवानंच घडवलेली वस्तू आहे.

उचगावच्या मारुतीरावांच्या बायकोला, अंबुबाईंना, जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ यायची. मारुतीरावांनी आधी सोडा दिला, मग ओवा दिला, आणि शेवटी ‘तू विचार लई करतीस’ असं निदानही करून टाकलं. तिन्हींनी गुण आला नाही, तेव्हा मुलगा स्वरूप आईला बेळगावच्या एका मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. पित्ताशयात खडे निघाले आणि दुर्बिणीतून ऑपरेशन झालं.

आता, त्या इस्पितळात एक चाल आहे. ऑपरेशन झालं की नर्स ट्रे घेऊन दाराबाहेर येते आणि आतून काढलेला ऐवज नातेवाइकांना दाखवते. लोकांचंही बरोबरच आहे. एवढं ऑपरेशन करून काहीच हाती लागलं नाही, तर चारचौघांत दाखवायचं काय? मारुतीराव ट्रेवर वाकले. हिरवट काळे, पैलू पाडल्यासारखे खडे. लग्नाआधी अंबुबाईंनाही त्यांनी एवढं निरखून बघितलं नव्हतं.

नर्सनं हातात दोन बाटल्या दिल्या. धाकटीत खडे, थोरलीत औषधाच्या पाण्यात बुडवलेली पिशवी. “खडे ठेवा तुमच्याकडं. पिशवी खाली लॅबमध्ये तपासायला द्या, अण्णा. रिपोर्ट आला की डॉक्टरांना दाखवायचा.”

खाली लॅबवाला जेवायला गेला होता. मारुतीरावांनी बाकड्यावर बसून सखोल विचार केला. खडे तर निघाले, मग पिशवीत तपासायला राहिलं काय? या विचाराला विरोध करणारं तिथं कुणी नव्हतं. दोन्ही बाटल्या उचगावला आल्या.

घरच्या शोकेसमध्ये स्वरूपचा क्रिकेटचा कप आणि काचेचा ताजमहाल होता. त्यांच्या मधोमध बाटल्या बसल्या. बघायला गल्ली लोटली. शेजारचा भरमूही आपला मूतखडा घेऊन आला. डबीत एकच होता, कणीएवढा.

“ह्येला खडा म्हणत्यात व्हय, भरमू?” मारुतीराव म्हणाले. “असले तर आमच्या भातात निघत्यात.”

“न्हाय रं, दुखताना लई मोठा वाटत हुता,” भरमू म्हणाला, आणि डबी खिशात घालून गेला.

अंबुबाई एका हातानं टाके धरून सगळ्यांना चहा करत होत्या. पिशवी त्यांच्याच पोटातली, पण ती कुठं ठेवायची हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. भरमूला साखर किती, हे मात्र विचारलं होतं.

इकडं इस्पितळात डॉक्टर यशपाल रिपोर्टची वाट बघत होते. निपाणीचा मुलगा. आजी तानीबाई विड्या वळायची, नातू यकृत आणि पित्ताशयाची ऑपरेशनं करतो. खडे असलेल्या पिशवीची भिंत जाड का होते, यावर त्यांच्या विभागात संशोधन चाललं होतं. मोठे साहेब त्यावर परदेशातल्या परिषदेत पेपर वाचणार होते. पेपरचं नाव एवढं लांब, की ते वाचून होईतो एखादा खडा तयार व्हावा. साहेबांना नमुन्यांचा आकडा भरायचा होता. यशपालना हवी होती एकच पिशवी. अंबुबाईंची. ऑपरेशन त्यांनीच केलं होतं. काढताना ती यकृताच्या बाजूला एका जागी चिमट्याला कडक लागली होती, आणि ते त्यांच्या बोटांतून जात नव्हतं.

त्यांनी फोन केला. “अण्णा, पिशवी तपासायला दिली नाहीत?”

“न्हाय. आमच्यातच हाय, एकदम झकास.”

“ती मला पाहिजे. तपासायची आहे, आणि आमचा थोडा अभ्यासही चाललाय.”

अभ्यास म्हटल्यावर मारुतीरावांचे कान टवकारले. “म्हंजे आमच्या पिशवीवर तुमी फॉरेनला जाणार. मग पेपरात नाव घालणार न्हवं? मारुतीराव, उचगाव?”

“पेशंटचं नाव छापता येत नाही, अण्णा. नंबर असतो.”

“नंबर आमच्या म्हशीच्या कानाला बी हाय,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्याच आठवड्यात उचगावच्या देवळात सप्ताह होता. बुवांनी देहावर निरूपण लावलं. हा देह उसना, मालक वर बसलाय, त्यानं मागितला की हसत द्यायचा. टाळकऱ्यांत उभ्या मारुतीरावांच्या डोळ्यांना धार लागली. मान अशी डोलली की टोपी दोनदा पडली. मग ते घरी आले, आणि डॉक्टरचा काय भरवसा म्हणून शोकेसला कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यशपाल मोटारसायकलवरून स्वतःच आले. पाण्याचा तांब्या तसाच ठेवून म्हणाले, “अण्णा, परिषद राहू दे, पेपर राहू दे. फोनवर बोलायची गोष्ट नव्हती म्हणून आलो. पिशवीत एक जागा मला कडक लागली होती. कॅन्सर असू शकतो. नसला तर तुमची बाटली मी परत आणून देतो.”

मारुतीराव हसायला गेले, पण हसू ओठांवरच अडकलं. “तसं काय नसतंय, डॉक्टर. दोन भाकऱ्या खातीया ती आता. आणि माझ्या घरातली वस्तू...”

अंबुबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. “काल देवळात मान कोण डोलवत हुतं?”

“त्येचं काय इथं?”

“देह मागितला की हसत द्यायचा, म्हणत हुते बुवा. तुमाला तर दुसऱ्याचाच द्यायचा हाय. त्यो बी जमंना व्हय? किल्ली काढा.”

मारुतीरावांनी किल्ली काढली. हसत नव्हे, पण काढली.

रिपोर्ट यशपालना वाटलं तसाच आला. कॅन्सर होता, पण अजून पिशवीच्या भिंतीतच. दुसरं ऑपरेशन झालं, पिशवीला लागून असलेला यकृताचा तुकडा काढला. चालीप्रमाणं नर्स ट्रे घेऊन बाहेर आली. मारुतीरावांनी ट्रेकडं पाहिलंच नाही.

“ते न्या तपासायला,” ते म्हणाले. “ती कशी हाय, तेवढं सांगा.”

ती बरी होती. अजूनही आहे. तपासणीला बेळगावला जाते आणि येताना मारुतीरावांसाठी तिथला गोड कुंदा आणते.

साहेबांनी परिषदेत पेपर वाचला आणि टाळ्या घेतल्या. आभार त्यांनी संस्थेचे मानले, यंत्रांचे मानले. स्वरूपनं तो पेपर मोबाईलवर शोधून बापाला वाचून दाखवला: रुग्ण क्रमांक सतरा, स्त्री, वय चोपन्न.

“बाईमाणसाचं वय तेवढं जगाला सांगितलं,” मारुतीराव म्हणाले, “आणि नाव झाकलं.” या खेपेला ते स्वतःच्या नावाबद्दल बोलत नव्हते.

बुवा उठले, वीणा गळ्यात आली. सावरून बसा. पेपरात नाव घालायला बंदी आहे, देवळात नाही. तेव्हा देहावरचं निरूपण लागलं आणि तुमची मान डोलू लागली, की एका बाईची आठवण ठेवा. अंबुबाई तिचं नाव. उचगावची.